मुंबईत राहायला येताय? आधी स्टेशन बघा, मग घर

परवा माझ्या मावसभावाचा मेसेज आला. ताई, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये) जॉब लागला, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय, मुंबईत राहायला चांगला एरिया कुठला ते सांग. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की म्हटलं इथेच टाकते, अजून चार जणांच्या उपयोगी पडेल. मी मूळची सोलापूरची, मुंबईत येऊन १४ वर्षं झाली, पहिली दीड वर्षं डोंबिवलीत पीजी, मग घाटकोपरला चाळीत आणि आता चेंबूर. नोकरी फोर्टात. म्हणजे हे सगळं सेंट्रल आणि हार्बर लाइनच्या लोकलवाल्या बाईचं ज्ञान आहे, बोरिवली-विरारकरांनी आपापलं जोडून घ्या.

तर पहिलं म्हणजे "चांगला एरिया" हा प्रश्नच अर्धवट आहे. ऑफिस कुठे ते आधी सांगा. मी डोंबिवलीत का राहिले तर भाडं सहा हजारांनी कमी पडत होतं. घरातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत पावणेदोन तास, येताना तेवढेच, म्हणजे रोजचे साडेतीन तास. महिन्याचे कामाचे २५ दिवस धरले तर साडेसत्त्याऐंशी तास होतात. साडेतीन अख्खे दिवस, रात्रीसकट, मी दर महिन्याला रस्त्यात घालवत होते आणि वर सहा हजार वाचले म्हणून खूश होते. हा हिशोब मी पहिल्यांदा मांडला त्या रात्री मला रडूच आलं होतं. डोंबिवली वाईट नाहीये हां, ज्यांचं ऑफिस ठाण्याला किंवा ऐरोलीला आहे त्यांच्यासाठी मस्त आहे.

त्यामुळे ऑफिसपासून उलट यायचं. नकाशावर किलोमीटर मोजू नका, ते इथे चालत नाहीत, गाडी बदलावी लागते का ते मोजा. एकच लोकल आणि शेवटी दहा मिनिटं चालणं, असं असेल तर लांबचं घर पण चालतं. लोकल, मग दुसऱ्या लाइनची लोकल, मग शेअर रिक्षाची रांग असं असेल तर जवळचं घर पण नको. बीकेसीवाल्याला मी कुर्ला, चुनाभट्टी, चेंबूर, सायन, नाहीतर वेस्टर्नला सांताक्रूझ-खार असं सांगीन, आणि आता मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू आहे, बीकेसीला तिचं स्टेशन आहे, म्हणजे मरोळ-अंधेरीकडचं पण बघायला हरकत नाही.

आणि घर फायनल करायच्या आधी एक काम करा जे कुणीच करत नाही. ब्रोकर तुम्हाला रविवारी दुपारी घर दाखवणार, रस्ता रिकामा, स्टेशन रिकामं, वारा सुटलेला. तुम्ही एखाद्या मंगळवारी सकाळी साडेआठला त्या बिल्डिंगच्या गेटपासून निघा आणि खरोखर ऑफिसला जाऊन दाखवा. गाडीत चढता आलं का? पहिली सोडावी लागली का? चेंबूरला सकाळी पनवेलहून येणारी गाडी आधीच भरलेली असते, त्यात बसायला मिळेल हे विसरा, पण वाशी किंवा बेलापूरहून सुटणारी पकडली तर निदान नीट उभं तरी राहता येतं. हे असले बारकावे ब्रोकर सांगत नाही. स्टेशनबाहेरचा वडापाववाला सांगतो.

घर बघताना मी काय बघते ते सांगते. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, वॉचमनला विचारायचं, मालकाला नाही. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात नवा रंग दिसला आणि बाकी भिंत जुनीच असली तर तिथे पावसात ओल येते हे नक्की समजा. तळमजला असेल तर जिन्याखालच्या मीटरच्या पेटीकडे बघा, जमिनीपासून उंच चढवलेली असली तर कारण विचारा. आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे जाऊन एक पारले-जी घ्या आणि सहज विचारा, इथे पाणी भरतं का हो? तो खरं सांगतो, त्याचा माल भिजलेला असतो ना.

डिपॉझिट इथे घसघशीत मागतात, तीन ते सहा महिन्यांचं भाडं धरून चला, आणि ब्रोकरला एक महिन्याचं भाडं. अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं आणि खूप मालक म्हणतात की ११ महिन्यांचंच आहे, रजिस्टर कशाला करायचं. अजिबात ऐकू नका. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हेच भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, लेखी आणि रजिस्टर्ड असलंच पाहिजे आणि ते करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. गंमत म्हणजे तसं केलेलं नसेल आणि वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाला उलटं सिद्ध करता आलं नाही तर. हे वाक्य मालकाला गोड आवाजात ऐकवलं की तो लगेच रजिस्ट्रेशनला तयार होतो, मी दोनदा केलंय. आता घरी बसूनच ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते ती पण ऑनलाइन जाते. टोकन मात्र ब्रोकरच्या हातात कॅश देऊ नका, माझे पाच हजार एकाने असेच खाल्ले, फ्लॅट आधीच दुसऱ्याला दिलेला होता.

आता कडू गोष्ट. या शहरात जगातली सगळी माणसं राहतात असं आपण म्हणतो, पण सोसायटीच्या कमिटीसमोर बसलं की ते शहर एकदम आकसतं. घाटकोपरला एका सोसायटीत मला विचारलं, आप मच्छी तो नहीं बनाते ना? मी महाराष्ट्रात, मराठीत अर्ज लिहून, बांगड्यावरून नापास. माझ्या ऑफिसातल्या मुस्लिम मैत्रिणीला तर फोनवर नाव सांगितल्यावरच फ्लॅट "आत्ताच गेला" असं सात वेळा ऐकायला मिळालं, तिने मोजलं होतं. अविवाहित मुलामुलींचं वेगळंच पुराण. मी उपाय काय सांगणार, पण व्यवहाराचं एवढंच सांगते की जेवण, पाहुणे, रात्री उशिरा येणं हे टोकन द्यायच्या आधीच स्पष्ट विचारून घ्या आणि व्हॉट्सअपवर लेखी घ्या. आणि जिथे आधीच मिसळ वस्ती आहे तिथे शोधा. खाली मच्छीवाली बसते, शेजारी उडप्याचं हॉटेल, समोर चर्च किंवा दर्गा, अशा गल्लीत हे प्रश्न कमी विचारतात. आणि पुढेमागे तुम्ही स्वतः कमिटीवर गेलात तर असलं कुणाला विचारू नका म्हणजे झालं.

घाटकोपरची चाळ मात्र अशी होती की काय सांगू. एका बाजूला कच्छी भाभी, दुसऱ्या बाजूला जौनपूरचं टॅक्सीवाल्याचं कुटुंब, समोर मंगळूरच्या आंटी, आणि टोकाला आमच्या रत्नागिरीच्या काकू ज्यांचं कुणाशीच पटायचं नाही. मला डेंग्यू झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी माझ्या स्टुलावर चार डबे होते, खिचडी-कढी, पेज, मुगाचं पाणी आणि काकूंचा वरणभात, आणि चौघींनी वेगवेगळ्या झाडाचा पपईच्या पानांचा रस आणलेला. डॉक्टर म्हणाले रसाने काही होत नाही, पाणी प्या. मी चारही रस संपवले कारण न पिता कुणाला तोंड दाखवणार. आता चेंबूरला लिफ्ट आहे, पार्किंग आहे, पण ताप आला तर डबा अ‍ॅपवरूनच मागवावा लागतो, पहिले दोन वर्षं तरी तसंच होतं.

म्हणून ही कृती लिहून ठेवा. राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या प्रत्येक दारावर एकदा तरी बेल वाजवा. निमित्त काहीही चालतं, पाणी किती वाजता येतं, कचरेवाला कधी येतो. रिकाम्या हाताने जाऊ नका. मी सोलापूरची शेंगाचटणी नेली होती, बाजूच्या सिंधी आजींनी दुसऱ्या दिवशी डबा परत दिला तो दाल पकवान भरून. त्यांचं लहानपण चेंबूर कॅम्पातलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी इथे कॅम्प होता, म्हणून अजून लोक त्या भागाला सिंधी कॅम्प म्हणतात. आता रविवारी सकाळी तिकडे दाल पकवान, छोलेला गर्दी असते ती खायला ठाण्याहून लोक येतात, पण आजींच्या पकवानाला तोड नाही.

भाषेचं काय करायचं हा पुढचा प्रश्न. सोलापुरात मी तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकतच मोठी झाले त्यामुळे मला घाबरायला झालं नाही, पण साताऱ्याकडची, नाशिककडची पोरं बघते, स्टेशनवर उतरल्या उतरल्या हिंदी सुरू करतात आणि तेही फाटकं. अरे बाबांनो सुरुवात मराठीत करा ना. रिक्षावाला, केमिस्ट, भाजीवाला, उडपी हॉटेलातला शेट्टी, निम्म्याहून जास्त जण मराठीतच उत्तर देतात, आपणच घाई करतो. समोरच्याला नाहीच आलं तर हिंदीवर जा, भांडू नका, माणूस दमलेला असतो. आणि त्यांच्या भाषेतले दोन शब्द शिका. माटुंग्याच्या बाजारात केळीची पानं घेताना नुसतं "एवळवु?" म्हणून किती ते विचारलं तरी म्हातारा तमिळ दुकानदार हसून दोन पानं जास्त टाकतो. भैया हा शब्द मात्र जपून. गावी आपण सहज म्हणतो पण इथे त्याला टोमण्याचा वास लागलाय, भाऊ किंवा दादा म्हणा, चाचा म्हणा. मच्छीवालीला मावशी. ती ओरडली तरी मावशीच. मुंबई महापालिकेच्या शाळाच बघा, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालत आल्यात, एकाच इमारतीत दोन तीन माध्यमं असतात, तिथली पोरं शिव्या पण चार भाषांत देतात.

लोकलबद्दल लोक पुस्तकं लिहितील, मी कामापुरतं सांगते. फोनमध्ये एम-इंडिकेटर टाका, लोकलच्या वेळा सांगणारं अ‍ॅप. बॅग पाठीवरून काढून पुढे घ्या, चढायच्या आधी. उतरायचं स्टेशन कुठल्या बाजूला येतं ते एक स्टेशन आधी विचारा, लोक आनंदाने सांगतात. हार्बरला फास्ट गाड्याच नाहीत, त्यामुळे तो गोंधळ तरी वाचतो, सेंट्रल आणि वेस्टर्नला फास्ट की स्लो हे इंडिकेटरवर बघितल्याशिवाय चढू नका, मी एकदा विक्रोळीला जायला निघून ठाण्यात उतरलेय. तीन महिन्यांचा पास एकदम काढा, स्वस्त पडतो. लेडीज डब्यात नवीन असाल तर सीटची पद्धत शिकून घ्या. बसलेल्या बाईला विचारायचं, कुठे? ती म्हणेल कुर्ला. की तिची सीट तुमची झाली, पण तुमच्या आधी कुणी विचारलं नसेल तरच, आणि हे सगळं आठ बायकांच्या डोक्यात लिहिलेलं असतं, कुठेही चिठ्ठी नाही. पहिल्या महिन्यात मी एकदा न विचारता बसले तर मानखुर्दच्या एका बाईने अशी नजर टाकली की मी उठलेच. आता त्याच बाईच्या शेजारी बसून मी वाटाणे सोलते. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या, डब्यात बुरखा घातलेली कॉलेजची पोरगी पण त्या दिवसाच्या रंगाची ओढणी घेऊन येते फोटोसाठी.

बाकी प्रवास, बेस्टचं कमीत कमी तिकीट १० रुपये आणि एसीचं १२, रिक्षाचं २६ पासून, टॅक्सीचं ३१ पासून. रिक्षा सायनच्या आणि माहीमच्या पुढे दक्षिणेला जात नाही, उगाच हात करत उभे राहू नका.

पावसाळ्यासाठी मात्र नीट तयारी लागते. नुसत्या पावसाने मुंबई थांबत नाही, जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की थांबते, कारण तेव्हा पाणी समुद्रात जाऊच शकत नाही. भरतीच्या वेळा पेपरात येतात, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी धो धो पाऊस असं दिसलं तर त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघा, आणि लवकर निघायला जमलं नाही तर मग निघूच नका. ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लोक संध्याकाळी सहाला घाबरून निघतात आणि चुनाभट्टीच्या आसपास बंद गाडीत चार तास बसतात. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कपड्यांचा एक जोड, चिवडा, पॉवरबँक, रबरी चप्पल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, आमच्या ऑफिसातले जुने लोक अजून ती रात्र सांगतात, कोण कुणाच्या घरी राहिलं, अनोळखी माणसांनी रस्त्यात उभं राहून बिस्किटं वाटली वगैरे. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच आणि पायाला कुठे खरचटलेलं असेल तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा आजार) ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, महापालिकेच्या दवाखान्यात गोळी मिळते. झाड पडलं, पाणी भरलं, गटाराचं झाकण उघडं दिसलं तर १९१६ ला फोन करा.

हो आणि हवा. चेंबूरला येताना मला कुणी सांगितलं नव्हतं, माहुलकडे रिफायनऱ्या आहेत, काही रात्री वास येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर अख्ख्या मुंबईचीच हवा वाईट असते, समुद्राकडचा वारा मंदावतो आणि धूळ तशीच लटकून राहते. त्या दिवसांत पहाटे पळायला जाऊ नका, ऊन चढल्यावर जा. दम्याचं कुणी घरात असेल तर चेंबूर-गोवंडीचा विचार दोनदा करा, मला हा एरिया आवडतो तरी सांगतेय.

आता पैसे न घालवता मजा कशी करायची, कारण मॉलमध्ये जाऊन घाम पुसणं याला जगणं म्हणत नाहीत. मी महिन्यातून एक रविवार ठरवून दुसऱ्याच्या मुंबईत जाते. रमजानात रात्री नऊनंतर मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीच्या गल्लीत, मालपुवा दोघांत एकच घ्यायचा, संपत नाही. सप्टेंबरात बांद्र्याची मोतमावलीची, म्हणजे माउंट मेरी चर्चची जत्रा, तिथे मेणाचे हात, पाय, घरं, आता तर मेणाची विमानं पण मिळतात नवसाला. बुधवारी माहीमच्या चर्चची नोव्हेना म्हणजे प्रार्थना, तिथल्या रांगेत टिकली लावलेल्या बायका मोजा. डिसेंबरात माहीमच्या मखदूम बाबांचा उरूस, त्यात मुंबई पोलिसांचा मान असतो, बँड लावून येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला लाखो लोक येतात तेव्हा शिवाजी पार्कात पुस्तकांचे जे स्टॉल लागतात तसे मी कुठल्याच पुस्तक प्रदर्शनात बघितले नाहीत, माणसं शिदोरी बाजूला ठेवून पुस्तकं निवडत असतात, फक्त दादरला उतरताना गर्दीची तयारी ठेवा. दुर्गापूजेला शिवाजी पार्कातच बंगाली मंडळींचा मंडप, तिथला भोग. ओणमच्या दिवसात माटुंग्याला पानावरची साद्या, म्हणजे केरळी जेवण, रांग असते पण खा.

शांतता हवी असेल तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम, त्यात मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुन्या मुंबईतल्या जातीजमाती, त्यांच्या पगड्या दाखवल्यात, मी अर्धा अर्धा तास तिथेच उभी असते. ते आणि शेजारची राणीची बाग दोन्ही बुधवारी बंद. कान्हेरीला जायचं तर सोमवार सोडून, नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं. थंडीत शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो येतात, ओहोटी-भरतीची वेळ बघून गेलात तर जवळ दिसतात, नाहीतर लांबवर गुलाबी रेघ.

मासे खाणाऱ्यांसाठी एक, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा मावशीकडे जे "ताजं" म्हणून दिसतं ते बर्फातलं किंवा बाहेरचं असू शकतं, त्या दोन महिन्यांत सुका जवळा आणि सुके बोंबील घ्या. शेजारी मच्छी न खाणारे असतील तर सुके बोंबील भाजायच्या आधी खिडकी उघडा आणि दार बंद करा, एवढं तरी करायलाच पाहिजे. आमच्या सिंधी आजी मात्र वासावर दार वाजवतात आणि विचारतात, अगं माझ्यासाठी ठेवलंस का.

आणि रविवारी कुठेही निघायच्या आधी मेगाब्लॉक बघा, म्हणजे रुळांच्या कामासाठी कुठल्या लाइनच्या गाड्या बंद आहेत ते. हार्बरला साधारण अकरा ते चार असतो. मावसभावाला हे सांगायचं राहिलं, तो काल घर बघायला आला आणि अडीच तास कुर्ल्याला बसून होता. घर त्याला आवडलंय म्हणे, आता मंगळवारी सकाळी साडेआठला त्याला परत बोलावलंय.